सहा फुटी हौदा

लातूरच्या जुन्या गाड्यांच्या दलालानं दोन पिकअप समोर उभे केले आणि मला विचारलं, "बोला, सहा फुटी हौदा पाहिजे का आठ फुटी?" वहिनी शेजारीच उभ्या होत्या. माझा थोरला भाऊ गेल्यापासून आमची फिरती डाळगिरणी नांदेडला घरासमोर ताडपत्रीखाली पडून होती. वहिनींना ती पुन्हा सुरू करायची होती, म्हणून ती ट्रॅक्टरला बांधून आम्ही लातूरला आणली होती. हौदा केवढा घ्यायचा ते मी सांगायचं होतं. मागच्या वेळीही मीच सांगितलं होतं.

गिरणीला लोखंडी मान करून घेतली होती ती माझ्याच डोक्यातून. परदेशातले व्हिडिओ बघायची मला लई हौस. नेहमीची ट्रॉली गाडीच्या शेपटीला अडकवतात, ही मान थेट हौद्यातल्या खुंट्यावर बसते. ओझं मागच्या चाकांवर येतं, गाडी डुलत नाही. पण तिला एक खोड असते. गाडी वळली की गिरणीचा पुढचा कोपरा कॅबिनकडं सरकतो. हौदा लांब असला तर मधे जागा उरते.

दादा म्हणाला होता, "आठ फुटी घे रे बाबा."

"खेड्यातल्या गल्लीत वळवणार कशी ती? तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

माझी जीभ तेव्हा अशीच चालायची. सहा फुटीच घेतली. मैदानात गाडी सरळ उभी करून आम्ही मधलं अंतर मोजलं. एक माणूस आरामात उभा राहील एवढी जागा होती. गाडी वळवून मोजायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काय उगाच नाही.

देगलूरकडच्या एका गावात लोक तुरीची पोती घेऊन वाट बघत होते. भर दुपार होती. गल्ली अरुंद, गाडी मागं घ्यायची होती. दादा हौद्यात, कॅबिनच्या मागं उभा राहिला आणि टपावर हात ठेवला. टपावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल, हे गाडीवाल्यांत सगळ्यांना ठाऊक असतं. मी स्टिअरिंग पुरतं फिरवून गाडी मागं सोडली. एक थाप आली. माझा पाय ब्रेकवर गेला. लगेच दुसरी आली. दोन झाल्या म्हणून मी ब्रेक सोडला. गिरणीचा कोपरा कॅबिनला भिडला, आणि मधे दादा होता.

सगळ्यांना मी सांगितलं की थाप एकच आली, मी थांबलो, पण तोवर उशीर झाला होता. पोलिसांना तेच सांगितलं, वहिनींनाही तेच.

तेव्हापासून घरात भाकरी थापायला लागले की मी उठून गल्लीत जातो. बायकोला वाटलं, मी तिच्या भाकरीला नावं ठेवतो. चार दिवस रुसली. आता आमच्याकडं पोळ्याच होतात, आणि का होतात ते मी तिलाही सांगितलेलं नाही.

दलालाच्या आवारात आम्ही गिरणी आठ फुटी गाडीला जोडली. "पुरती वळवून बघा," म्हणत वहिनी हौद्यात चढल्या, आणि नेमक्या दादाच्या जागेवर उभ्या राहिल्या. मी आरशात बघितलं. त्यांचा हात टपाकडं गेला. माझ्यानं किल्ली फिरववेना. मी खाली उतरलो आणि मान वर न करता बोललो, "वहिनी, थापा दोन आल्या होत्या. मला वाटलं, चल म्हणतोय. मी गाडी सोडली."

वहिनींनी टपाकडं नेलेला हात मागं घेतला. मग म्हणाल्या, "तीन."

"काय?"

"तीन आल्या होत्या, भावजी. त्या गल्लीतली, समोरच्या ओसरीवरची म्हातारी दहाव्याला आली होती. तिनं मोजल्या होत्या."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव. तुम्ही कधी सांगता ते बघून राहिले होते." त्या खाली उतरल्या, पदर खोचला आणि माझ्यापुढं हात केला. "आठ फुटीच घ्या. किल्ली द्या इकडं. गाडी मी चालवणार, तुम्ही मागं उभं राहा."

आता गावोगाव गाडी वहिनीच चालवतात. मी कॅबिनच्या मागं, दादाच्या जागेवर उभा असतो. गाडी कितीही वळली तरी छातीपुढं दीड हात जागा उरते. थांबवायचं असलं की मी टपावर एक थाप मारतो आणि हात खिशात घालतो.

त्या दुपारच्या दोन थापा मला अजून रोज ऐकू येतात. तिसरी मात्र किती आठवली तरी आठवत नाही. माझ्या डोक्याच्या वीतभर वर, टपावर, दादाचा हात तिसऱ्यांदा पडला होता, आणि मी गाडी मागं घेत होतो.