बोल्ट बोटांनी गेला पाहिजे

बाळारामकाका काल गेले, आणि आमचं शेवटचं बोलणं भांडणाचं होतं.

दुपारपासून एका जागी बसवत नाहीये, म्हणून लिहितेय.

साजगावच्या कारखान्यात ते पाइप फिटर. पंपाला जोडायच्या पाइपांची ड्रॉइंग मी नेरळला घरी बसून काढते, ते पाइप काका उभे करायचे. मला मॅडम म्हणायचे आणि अगं-तुगंही करायचे.

त्यांचा एकच हट्ट. पाइप पंपाच्या नोझलसमोर, म्हणजे तोंडासमोर, आपसूक आला पाहिजे. बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेला पाहिजे.

"पहार लावाय लागली तर पाइप चुकला गं. ओढून आवळला का सगळा ताण पंपावर."

सोमवारी फोन आला.

"मॅडम, तुझा पाइपाखालचा सपोर्ट चुकलाय. पाइप बोटभर वर ऱ्हातोय. येऊन बघ."

मी चिडले. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये सगळं बरोबर दिसत होतं. दुरुस्तीसाठी घेतलेला शटडाउन संपत आलेला, वरून मेलवर मेल.

"काका, चेन ब्लॉकची साखळी लावा आणि ओढून बसवा. दरवेळी काय तुमचं?"

"बरं," म्हणाले.

ते कधीच नुसतं बरं म्हणत नसत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काल हार्ट अटॅक आला. आज लोधिवलीजवळ त्यांच्या घरी जाऊन आले. काकू म्हणाल्या, "दोन दिस उशिरा येत व्हते. पोरीचं काम हाय, बिघडाय नाय पायजे, म्हनायचे."

मला घरी जाववेना. तशीच साजगावला गेले. उद्या पंप सुरू होणार होता.

सुपरवायझरला म्हटलं, नोझलचे बोल्ट सोडा.

"मॅडम, टाइट करून झालंय."

"सोडा."

ओढून बसवलेला पाइप उसळणार म्हणून मी मागे सरकले होते. तो जागचा हलला नाही.

एक बोल्ट काढला, परत घातला. बोटांनी गेला.

वाकून सपोर्ट बघितला. पाय बोटभर कापून पुन्हा वेल्ड केलेला. शेजारी खडूने, त्यांच्या अक्षरात:

"इथं फरशी वर हाय. बघून काढत जा."

तिथली फरशी मध्यंतरी उंच केली होती. मी ड्रॉइंगमध्ये जुनीच लेव्हल धरली होती. चूक माझी होती, आणि मी येऊन बघणार हे ते धरून चालले होते.

ड्रॉइंग आता सुधारलंय. 'तपासणारा' या रकान्यात आमच्याकडे फिटरचं नाव घालत नाहीत. मी घातलंय. ऑफिसला काय म्हणायचं ते म्हणू दे.

काका, आले होते बघायला. उशीर झाला.

माफ करा. नमस्कार.