पानझडी सरांचा मे महिना

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हिरव्या रंगाचं कौतुक नसावं, हे आमच्या सरांना पाहिल्याशिवाय खरं वाटत नसे. कोणी कोकण-केरळ फिरून आलं आणि "सर, काय हिरवंगार आहे हो तिकडे!" म्हणालं, की सर चष्मा काढून डोळे चोळत. "बाराही महिने पाणी मिळाल्यावर कोणीही हिरवं राहील. त्यात त्याचं काय कर्तृत्व?" त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीपुरतंच होतं. विद्यार्थ्यांच्या तोंडी ते कायम पानझडी सर.

जंगलांचे प्रकार शिकवताना पुस्तकातले पावसाचे आकडे ते फळ्यावर लिहीत आणि लगेच पुसून टाकत. "पाऊस किती पडतो ते विचारू नका. किती महिने पडत नाही ते विचारा." विषुववृत्तावर झाडाला कोरडा काळच माहीत नाही, म्हणून तिथे सदाहरित जंगल. थोडे दिवस पावसानं ओढ दिली की निमसदाहरित. उत्तरेला बालाघाटकडे जमिनीत ओल टिकते, तिथे सालवृक्ष उभा राहतो. आपल्याकडे उन्हाळा हटता हटत नाही, तिथे साग पानं टाकून मोकळा होतो. पश्चिमेला बुलढाण्याकडे पाऊसच हात आखडता घेतो, म्हणून हिवर, बाभूळ आणि काटे. मग काळी माती की मुरूम, आग किती वेळा लागते, गुरं किती चरतात आणि शेवटी आपण, माणसं. हे सगळं ते इतक्या थकल्या आवाजात सांगत, की त्यांना स्वतःलाच ते ऊन सोसावं लागतंय असं वाटे.

माणसंही ते याच हिशेबात बसवत. धरमपेठेत त्यांच्या शेजारी एक कंत्राटदार राहायचा. सरकार कोणाचंही येवो, त्याची भरभराट ठरलेली. तो सदाहरित. पुण्याचा जावई मार्चपासूनच कूलरसमोरून हलत नसे, तो निमसदाहरित. "आणि मी हो?" सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, एकदा मला साक्षीला ठेवून विचारलं. "तू काटेरी," सर म्हणाले. काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "मग मुरूम कोण आहे, तेही सांगा आता पोरीले." सर हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

इतर कॉलेजांच्या सहली श्रावणात निघत, आमची भर मे महिन्यात. डोक्याला दुपट्टे बांधून, खिशात कांदा ठेवून आम्ही उमरेडची एसटी पकडायचो आणि पुढे एका गावाजवळच्या खडकाळ टेकडीवर जायचो. साग, सालई, धावडा, सगळे उघडेबोडके. सर चाकूच्या टोकानं साल किंचित खरवडत, खाली ओला हिरवा पापुद्रा दिसे. "हे मेलं नाही. यानं खर्च बंद केला आहे." पुढे मी त्यांच्याच विभागात शिकवायला लागले आणि पोरांची कुरकुर ऐकायची पाळी माझ्यावर आली. सहल पावसाळ्यात नेऊ या, असं मी सुचवलं, तर सर भडकले. रागावले की ते सरळ गावच्या बोलीवर येत. "पावसात तर गाजरगवतही हिरवं दिसते. झाडाची परीक्षा उन्हाळ्यातच होते."

ते निवृत्त झाले. गुडघे गेले, काकूही गेल्या. आणि त्यानंतर एका मार्च महिन्यात त्या टेकडीच्या गावच्या सरपंचबाई माझा पत्ता शोधत कॉलेजात आल्या. जवळची कोळशाची खाण वाढत होती. खाणीतून निघालेली माती टाकायला कंपनीला ती टेकडी हवी होती. जंगल चांगलं ठरलं तर टेकडी वाचणार, निकामी झुडपं ठरली तर जाणार. पाहणीला समिती यायची होती आणि गावानं आपल्या बाजूनं बोलायला सरांचं नाव दिलं होतं. मी बाईंना सरांकडे घेऊन गेले. "सर, आमचा मोहा, तेंदू, सरपण सारं तिथंच आहे," त्या म्हणाल्या. "तुमी सांगान तर ते ऐकतीन."

समितीच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी सरांच्या शेजारीच बसले होते. माणूस भला असावा. त्यानं विचारलं, मे महिन्यात येऊ की पाऊस झाल्यावर? मी हातानं खुणा करत होते, पावसानंतर, पावसानंतर. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाले, "मेमध्येच या."

फोन ठेवल्यावर मी जवळजवळ ओरडलेच. "सर, काहून असं केलं तुम्ही? ते काही आपले विद्यार्थी नाहीत!"

"शिकले-सवरलेले लोक आहेत," ते म्हणाले. "समजावून सांगितलं की समजते. जंगलाले मेकअप करून दाखवायचं नाही मले."

समिती आली त्याच्या आदल्या आठवड्यात विड्यांच्या पानांसाठी तेंदूची पालवी जोरात यावी म्हणून कोणीतरी गवताला आग लावली होती. दरवर्षीच लावतात. जमीन काळी, बुंधे काळे, वर एक पान नाही. साहेब गाडीतून उतरले आणि उन्हानं मागे सरकले. सर काठी टेकत पुढे झाले. त्यांनी साल खरवडली, हिरवा पापुद्रा दाखवला, कोरडे महिने सांगितले, मुरूम सांगितला, आगीतून साग कसा वाचतो ते सांगितलं. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. इतकं चांगलं त्यांनी वर्गातही कधी शिकवलं नव्हतं. साहेब "हो सर, बरोबर सर" म्हणत होते आणि बरोबरचा माणूस मोबाइलवर फोटो काढत होता. सरपंचबाई पदर तोंडावर धरून उभ्या होत्या. त्या एकदाही सरांकडे पाहत नव्हत्या, फोटोवाल्याकडे पाहत होत्या. त्यांना माझ्यासारखंच कळून चुकलं होतं.

अहवालात ते फोटो होते. सरांच्या बोलण्यातलं एक वाक्यही नव्हतं. गावानं हरकती घेतल्या, अर्ज केले, मीही सह्या गोळा करत फिरले. पण फोटोपुढे कोणाचं काही चाललं नाही.

मला सरांचा फार राग आला. तेवढीच त्यांची दयाही आली, आणि दया आलेली त्यांना आवडणार नाही म्हणून मी तीही दाखवली नाही. त्यांच्याकडे जाणं चालू ठेवलं. ते जंगलावर बोलायचे थांबले. टीव्हीवर क्रिकेट लावून बसत आणि स्कोअर विचारला तर सांगता येत नसे.

पाच-सहा पावसाळे गेल्यावर ते म्हणाले, "मले एकदा तिकडे ने." मी गाडी काढली. वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं रान तरारलेलं होतं, पण सर समोरच्या काचेतून सरळ पुढे पाहत बसले होते. टेकडीच्या जागी तिच्याहून उंच मातीचा ढीग होता. ढिगाच्या उतारावर कंपनीनं सुबाभूळ लावली होती आणि ती चांगली माजली होती. फाटकावर पहारेकरी होता, त्याच गावचा. त्यानं सरांना ओळखलं नाही.

"आत काई नाही बाबूजी," तो म्हणाला. "निरी माती आहे. पहिले इथं जंगल होतं."

"होतं," सर म्हणाले. काठीवर दोन्ही हात ठेवून ते त्या ढिगाकडे पाहत राहिले. मी काहीतरी बोलायला हवं होतं. चूक तुमची नाही, पावसाळ्यात आले असते तरी त्यांनी घेतलंच असतं, असं काहीतरी. पण सरांशी मी आजवर खोटं बोलले नव्हते आणि हे खरं आहे की खोटं, ते मला आजही ठाऊक नाही.

"तुमचं कोणी होतं काय इथं?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"मीच होतो गा," सर म्हणाले. "समितीच्या साहेबाइले टेकडी दाखवाले मीच आलो होतो."