तेलेफचं पांढरं घर

तेलेफ रंगारी होता, पण आयुष्यभर त्यानं लावला एकच रंग. पांढरा. नॉर्वेच्या त्या दक्षिण किनाऱ्यावर घरं लाकडाची आणि पांढरीच. तांबडे असतात ते गोठे. कुणी तांबडं घर बांधलंच, तर लोक विचारणार, गोठा आहे का? तेलेफला पांढऱ्यातही नाना पांढरे दिसायचे. समुद्राकडच्या भिंतीला करकरीत, कुंपणाला जरा दुधाळ, खिडकीच्या चौकटीला चकचकीत. दुकानदारानं चुकून नुसतं "पांढरा ना?" म्हटलं, तर तेलेफ असा बघायचा की बिचारा डबा परत फळीवर ठेवायचा.

आणि स्वतःचं घर? विचारू नका! भिंती, छत, दारं, उंबरे, जिना, ओटा, कपाटं, बाहेरच्या पायऱ्यासुद्धा, सगळं पांढरं. काम सोडून घरी बसल्यावर तर हा गृहस्थ रोज सकाळी ओला फडका घेऊन घरभर डाग शोधत फिरायचा. त्याची बायको ओस्ता इतकी वर्षं त्या पांढऱ्यात कुरकुर न करता राहिली. म्हणून त्या वसंतात ताटात बांगडा वाढता वाढता ती जे बोलली, ते ऐकून त्याचा काटा-चमचा हातातच राहिला.

"उंबरे काळे करूया."

"काळे? का, कोण मेलंय?"

"कुणी नाही. मासिकात बघितलं. बरे दिसतात."

तेलेफच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. कारण मासिकं गेले कित्येक महिने कोपऱ्यात पडून होती, वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता. मग ही कुठल्या मासिकात बघून आली?

उंबरे काळे झाले. त्यानं हात लावायला साफ नकार दिला, तर तिनं बाहेरून रंगारी बोलावला. रंगाऱ्याच्या घरी बाहेरचा माणूस ब्रश घेऊन! नंतर ओटा गडद झाला, कपाटांच्या खाली दिव्यांच्या पट्ट्या आल्या, संडासाची बैठक काळी आली. तेलेफ त्या बैठकीसमोर बराच वेळ नुसता उभा राहिला. शेवटी तिनं आईच्या हातचे विणलेले गालिचे गुंडाळले आणि चर्चच्या बाजाराला देऊन टाकले. डोळ्यांत टिपूस नाही.

"तुझ्या आईचे होते ते," तो म्हणाला.

"पायात येतात," ती म्हणाली. तेही त्याच्याकडे न बघता. हल्ली ती त्याच्याकडे सरळ बघतच नसे. बोलताना नजर त्याच्या कानाच्या पलीकडे कुठंतरी. मनात काळंबेरं असलेलं माणूसच असं बघतं, हे तेलेफचं पक्कं मत.

शेजारच्या ओड्वारला तर असल्या बातम्या जेवणापेक्षा प्रिय. कुंपणावर कोपरं टेकून तो म्हणाला, "तेलेफ, घर विकायला काढलंत वाटतं?"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? माझ्या मेव्हणीनं विकायच्या आधी हेच केलं. नवीन ओटा, नवे दिवे, जुनं सामान बाहेर. दलालच सांगतो तसं करायला. बाईनं गालिचे काढले की तू आपली बॅग भरायला घे बाबा!" आणि स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला.

तेलेफ हसला नाही. त्याची मुलगी तोने ओस्लोहून फोनवर वर्षभर एकच धोशा लावून बसली होती: बंदराच्या धक्क्यावरच्या नव्या इमारतीत फ्लॅट घ्या, लिफ्ट आहे, बर्फ उपसायला नको. त्या इमारतीच्या भिंती काचेच्या आणि राखाडी पत्र्याच्या. तिथं रंगवण्यासारखं काहीच नाही. तिथं आपण खुर्चीत बसल्या बसल्या मरू, असं त्याला मनापासून वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्याची भीतीनं झोप उडाली होती. हे घर गेलं तर त्याच्याजवळ उरणार काय?

सरळ विचारायचं की! पण नाही. त्या गावात माणसं एकमेकांच्या घराची खिडकी रंगवून देतील, पण घरातल्या बायकोला प्रश्न विचारणार नाहीत. तेलेफनं विचारलं नाही, डोळ्यांत तेल घालून पाळत मात्र ठेवली. अधूनमधून एखाद्या गुरुवारी ओस्ता लोकर आणायला म्हणून बसनं जवळच्या अरेंडाल शहराला जायची आणि लोकर न घेता यायची. एकदा आली ती एक डोळा लालभडक करून.

"रडलीस?"

"वारा लागला."

वारा! झाडाचं पान हलत नव्हतं त्या दिवशी.

मग ती बाई आली. वेन्के नावाची, रेनकोटातली, हातात मोजपट्टी. ओस्तानं तिला सगळं घर फिरवून दाखवलं. तिनं दारं मोजली, जिन्याचा कठडा हलवून बघितला, दिवे लावले, विझवले. तेलेफ बागेत प्लमच्या झाडाआड छाटणीचं निमित्त करून उभा होता; त्या झाडाला छाटायचं काहीच उरलेलं नव्हतं. उघड्या खिडकीतून त्याला ऐकू आलं:

"नवऱ्याला सांगा हो आता."

"नको. आधी सगळं काम होऊ दे. एकदा झालं की मग तो काय करणार?"

त्याची कानशिलं तापली. म्हणजे ओड्वार खरं बोलत होता तर! त्याच्याच घराचा सौदा त्याच्या पाठीमागे चालला होता, आणि चालवणारी कोण, तर जिच्याबरोबर त्यानं उभा जन्म काढला ती.

दोन दिवसांनी कहर झाला. बाहेरच्या पायऱ्यांच्या कडांना ओस्तानं स्वतःच्या हातानं पिवळ्या पट्ट्या ओढल्या. पिवळ्या! आणि त्याही कशा, तर नागमोडी. कुठं जाड, कुठं बारीक, कुठं कडा सोडून भलतीकडेच. गाव बघत होतं. ओड्वारनं तर हॅट काढून पायऱ्यांना नमस्कार केला. तेलेफच्या दाराशी असलं काम! हे विकण्यासाठी नाही, हे मला डिवचण्यासाठीच, असं त्यानं ठरवून टाकलं.

गुरुवारी ती बसमध्ये बसली आणि त्यानं डबा उघडला. पट्ट्या खरवडल्या, पायऱ्या पुन्हा पांढऱ्या केल्या. फार सुंदर काम झालं, कुठं कड दिसत नव्हती. मग कॉफीचा कप घेऊन तो खिडकीत उभा राहिला. तिचं तोंड कसं पडतं ते त्याला बघायचं होतं. असा माणूस, आता काय बोलावं!

ती बसमधून उतरली, फाटक उघडून आत आली. पहिल्या पायरीपाशी तिनं पाय चाचपला, थांबली, पुन्हा चाचपला. मग पाय उचलला तो पायरीच्या कडेला अडकला. तोंडावरच पडली ती.

तेलेफ पायांत काही न घालता बाहेर धावला. ती उठून बसली होती. कोटाला रंग, हनुवटीला रंग, मनगट धरलेलं.

"पिवळी पट्टी कुठं गेली?" तिनं विचारलं.

"मी पुसली." मग त्याच्यातला रंगारी बोललाच, "अगं, ओला रंग दिसत नाही का तुला?"

"नाही दिसत, तेलेफ."

मग तिनं तिथंच पायरीवर बसून सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. अरेंडालला डोळ्यात सुई टोचून घ्यायला जात होती, पण जे गेलं ते परत येणार नव्हतं. सरळ बघितलं की समोर धूसर डाग, कडेनं बघितलं की थोडं दिसतं. ती मोजपट्टीवाली नगरपालिकेची होती. नजर कमी झालेल्या माणसाला घरात वावरता यावं म्हणून काय बदलायचं, ते सांगायला आली होती.

"आणि मला वाटलं, घर विकतेयस."

"विकू? अरे वेड्या, इथं राहता यावं म्हणून तर चाललंय सगळं!"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्या पांढऱ्यात मला काहीच सापडत नाही, असं? पांढऱ्या भिंतीत पांढरं दार, पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप. तू दुसरं केलंस काय आयुष्यभर? ते कुठल्या तोंडानं सांगायचं?"

मनगटाला प्लास्टर पडलं. घरी आल्यावर तेलेफनं कॉफी केली, तिच्या हातात निळा कप दिला आणि भिंतीशी आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला. पांढरे केस, पांढरा सदरा, पाठीमागे पांढरी भिंत. मग त्यानं विचारलं,

"इथं बसलो की मी दिसतो का तुला?"

तिनं मान तिरकी करून त्याच्या दिशेनं शोधलं.

"खोकलास की कळतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. दुकानदारानं न विचारताच पांढऱ्या डब्यांकडे हात नेला.

"निळा," तेलेफ म्हणाला.

"कुठला निळा? पुष्कळ आहेत."

तेलेफला एकाही निळ्याचं नाव माहीत नव्हतं. "सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा," तो म्हणाला.

पायऱ्यांच्या कडा त्यानं त्याच दिवशी पिवळ्या केल्या, सरळ, लांबूनही दिसतील अशा. ओड्वार कुंपणावर आला, तोंड उघडलं, तेलेफचा चेहरा बघून मिटलं. संध्याकाळपर्यंत खुर्चीमागची भिंत निळीशार झाली. रंग सुकल्यावर तो खुर्ची ओढून तिथं बसला आणि गप्प राहिला, हालचालसुद्धा केली नाही. ओस्ता दारात आली, मान जरा तिरकी करून थांबली.

"हां," ती म्हणाली, "आहेस."