स्टेन्सिलवरून सुटलेली वाडी

बहात्तरच्या दुष्काळात मी आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. वय एकवीस, नोकरी हंगामी. पाण्याचा टँकर कुठे-कुठे जायचा त्या गावांची यादी मी स्टेन्सिलवर टाईप करायची, मग तिच्या प्रती निघायच्या आणि ड्रायव्हर त्या घेऊन गावोगाव जायचे.

माझं टेबल खिडकीसमोर होतं. स्टेन्सिल करताना रिबन लागत नाही, त्यामुळे मेणकागदावर अक्षर जेमतेम दिसतं. दुपार कलली की ऊन थेट डोळ्यांत यायचं. हाताने लिहिलेली मूळ यादी टेबलावर आडवी पडलेली. मान सारखी खाली-वर. चार वाजेपर्यंत ओळी एकमेकींवर चढायला लागायच्या. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डोळे अधू म्हणून हंगामी माणसाला घरी पाठवायला कितीसा वेळ लागतो?

एका सकाळी एक बाई रिकामी कळशी घेऊन आत आली. सहा मैल चालून आली होती.

"आमची वाडी कागदावर न्हाई म्हनतो डायवर," ती अव्वल कारकुनांना म्हणाली. "दोन दिस झालं, टँकर फुडनं निघून जातो. सासू हिरीत उतरली गाळातलं पानी भरायला. घसरली. पाय मोडला तिचा."

तिनं वाडीचं नाव सांगितलं तसा मी मूळ कागद काढला. त्यावर गावाचं नाव होतं आणि लगेच खाली त्याच नावाची वाडी. माझी नजर वाडी गाळून पुढच्या ओळीवर गेली होती.

अव्वल कारकुनांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "हे असलं अक्षर कुणाला लागणार?" ते म्हणाले.

यादी लिहिणारा कारकून रजेवर होता. मी गप्प बसले असते तर सगळं त्याच्यावर गेलं असतं. बाई माझ्याकडेच बघत होती.

"अक्षर चांगलं आहे, साहेब. ओळ माझ्याकडून सुटली. दुपारनंतर मला नीट दिसत नाही."

अव्वल कारकून उठले, माझ्या खुर्चीत बसले आणि खिडकीकडे बघून डोळे बारीक केले.

"आधी का नाही सांगितलंत?"

त्यांनी शिपायाला हाक मारून टेबल वळवून घेतलं. उजेड आता डाव्या खांद्यावरून येऊ लागला. दोन जाड फायलींना पुठ्ठा टेकवून मूळ यादी तिरपी उभी केली आणि ओळीखाली लाकडी पट्टी धरली.

"ओळ झाली की पट्टी खाली घ्यायची. बसा आता. या बाई थांबल्यात."

मी टाईप करत होते तेवढा वेळ ती दारातच उभी होती. शेवटी स्टेन्सिल उजेडासमोर धरून मी एकेक नाव मोठ्यानं वाचलं, अव्वल कारकून मूळ यादीवर खूण करत गेले. वाडीचं नाव आलं तशी ती म्हणाली, "व्हय, हीच."

त्याच दुपारी ती टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेली. मला लेखी समज मिळाली, पण नोकरी राहिली. आठवड्याभरात चष्माही लागला.

काही महिन्यांनी ती दुसऱ्या कामासाठी कचेरीत आली. मी सासूबद्दल विचारलं.

"उठती-बसती. पन पाय वाकडाच ऱ्हायला."

रागानं म्हणाली नाही. मी उठून तिला माझी खुर्ची दिली.