जितूच्या नावची मूठ

झुलाल आबा म्हणजे माझे थोरले काका. भडगावच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. पाचोऱ्याची गाडी कुठे लागली, चाळीसगावची किती उशिरा येणार, हे खिडकीमागे बसून माईकवरून सांगायचं त्यांचं काम. निवृत्त झाले, माईक सुटला, पण सांगायची खोड काही सुटली नाही. स्वतः आबा मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाहीत. विमानतळ पाहिला तो जितूला सोडायला गेले तेव्हा, तोही बाहेरूनच. तरी आमच्याकडे कुणाचं पोरगं परदेशी निघालं, की आईबाप त्याला घेऊन आधी आबांच्या ओट्यावर हजर.

जितू म्हणजे जितेंद्र, आबांचा एकुलता एक मुलगा. इंजिनियर होऊन जर्मनीला गेला. आमच्या गल्लीतून असा लांब गेलेला तो पहिलाच. आबांचं परदेशाबद्दलचं सगळं ज्ञान या पोराच्या हालअपेष्टांवर पोसलेलं. तिकडे जितूची फजिती झाली, की इकडे पुढच्यासाठी सूचना तयार. पहिल्या रविवारी जितू उपाशी झोपला, कारण तिकडे रविवारी दुकानं उघडत नाहीत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मोठ्या आईने, म्हणजे आबांच्या बायकोने, कपड्यांच्या घडीत लपवून दिलेला साजूक तुपाचा डबा तिकडच्या विमानतळावर काढून घेतला गेला. आबा हे सगळं असं रंगवून सांगत, जणू तूप त्यांच्याच हातातून गेलं.

गल्लीतल्या पितांबरभाऊंची संघमित्रा नर्स म्हणून जर्मनीलाच निघाली, तेव्हा मी भडगावलाच होते. मी धुळ्याला दिलेली. माहेरी आले की त्या ओट्यावरची शिकवणी मला फुकटात ऐकायला मिळे. संघमित्रा, तिची आई आणि पितांबरभाऊ चटईवर बसले होते. आबा खुर्चीवर, अगदी ड्युटीवर असल्यासारखे.

"बठ्ठा कागद एकाच बॅगमा ठेवानं नही. एक जोड हातनी पिशवीमा, एक फोनमा, एक अठे बापकडे. गोळ्या-औषधं नेशी ते डॉक्टरनी चिठ्ठी संगे पाहिजे. थंडीना कपडा अठला नेऊ नको, तठली थंडी अठला दुकानदारले काय माहीत? तठेच ल्हे. तूप, दूध, मटन काहीच नेवानं नही. काळा मसाला ने, पाकीट सीलबंद पाहिजे. बिबडे-पापड ने, पण तळशी तव्हय खिडकी उघड, नही ते धूरना भोंगा बोंबलस अनि बठ्ठी बिल्डिंग खाले उतरस."

संघमित्रा हसायला लागली. आबा हसले नाहीत.

"हसू नको, बेटा. जितूनं झायेल शे. तठे गयी का पयले आपला पत्ता सरकारी हापिसमा नोंदाड, त्याशिवाय कोनतंच काम पुढे सरकत नही. रविवारे मिक्सर लावानं नही, शेजारी तक्रार करतस. जिनामा मानूस दिसना का नमस्कार करानं, वळख नसनी तरी. अनि आपलाच लोकेसमा बसी ऱ्हाऊ नको. भाषा चुकनी ते चुकू दे, पाववालाशी बोल, बसवालाशी बोल. मन भरी उनं ते रडी ल्हे, पन पोटभर जेवन करीसन."

इथवर आबांचं ऐकायला मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्यांच्या सूचनांनी कितीतरी पोरांचे सुरुवातीचे दिवस निभावून गेले. माझा राग होता तो पुढच्या सूचनेवर. ती पोरांसाठी नसायची, आयांसाठी असायची.

"वहिनी," आबा संघमित्राच्या आईला म्हणाले, "फोनवर रडानं नही. अनि 'कव्हय येशी' हाई ते इचारानंच नही. तुम्ही इचारतस, पोरगीना जीव अर्धा अठे येस, मंग तठे तिना पाय टिकत नहीत. तीन वरीस तिले घरनी वाट दखाडू नका."

मोठी आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं, कप खाली ठेवले आणि आत गेली.

हा नियम सगळ्यात कडक कुणी पाळला असेल, तर तिने. रविवारी दुपारी जितूचा व्हिडिओ फोन यायचा. मोठी आई त्याला सगळं विचारायची. मेथी मिळते का, पांघरूण पुरतं का, खोकला गेला का. आबा शेजारी बसलेले असत. ती बोलता बोलता मध्येच थांबे, तेव्हा काय ओठांपर्यंत आलं आणि काय गिळलं, हे आम्हा सगळ्यांना कळायचं. फक्त जितूला कळायचं नाही. फोनवर त्याला नुसतं दिसायचं, आई हसतेय.

मी एकदा आबांना बोललेच. "आबा, स्टँडवर गाडी सोडताना परतीची वेळ सांगायचात ना हो तुम्ही?"

"तू माले शिकाडू नको, नूतन," म्हणाले. संपलं.

जितूची तीन वर्षं संपली. मग जितूने नोकरी बदलली, मग घर बदललं. नियमाची मुदत संपली हे आबांच्या लक्षात आलं नाही, की आणून दिलं नाही कुणी, देव जाणे. मोठ्या आईला फार काही नको होतं. एका श्रावणात जितूने कानबाईला घरी असावं आणि आपल्या वाट्याचा रोट आपल्या हाताने खावा, एवढंच.

कानबाई आमच्या खानदेशातली देवी. श्रावणातल्या रविवारी ती घरोघर बसते, सोमवारी वाजतगाजत नदीला जाते. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने काढायचे, प्रत्येकाचे सव्वा मूठ. ज्याची मूठ त्याने काढायची, तो गावाला असेल तर घरच्या बाईने त्याचं नाव घेऊन काढायची. तो रोट घरच्यांनीच संपवायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. या बाहेरच्यांत लग्न झालेल्या लेकी आल्या. मी धुळ्याला, दोन तासांवर, तर परकी. आणि समुद्रापल्याडचा जितू पक्का घरचा! यावरून मी मोठ्या आईला खूप चिडवायचे. ती म्हणायची, "तुन्हा वाटाना रोट तुन्हा घर शे ना, मंग?"

दर वर्षी ती जितूच्या नावाने मूठ काढायची आणि त्याच्या वाट्याचा रोट खीर लावून स्वतः खायची. पोट भरलेलं असलं तरी खायची. मग तिचा चेहरा निवळायचा. मूठ निघाली म्हणजे पोरगा घरात आहे, असं ती मनापासून मानायची. आबाही मानायचे. मला वाटतं, तिथेच आमच्या घराचा घात झाला. पोरगा नाही हे वर्षातून एकदा तरी सणसणून लागायला हवं होतं, आणि ते त्या मुठीने कधी लागूच दिलं नाही.

गेल्या श्रावणात कानबाईच्या आदल्या आठवड्यात मी भडगावला गेले होते. मोठी आई सुपात गहू निवडत होती, आबा पेपर वाचत होते. जितूचा फोन आला. इकडचंतिकडचं झालं आणि जितू एकदम म्हणाला, "आई, यंदा कानबाईले येऊ का मी? नवीन नोकरी शे, पन सुट्टी मागी दखस."

सूप तिच्या मांडीवरून खाली आलं. गहू सांडले. चार वर्षांत तिने विचारलं नव्हतं ते त्याने स्वतः विचारलं होतं. तिने आबांकडे पाहिलं. तसं पाहणं मी तिचं कधी पाहिलं नव्हतं. चार माणसांत नवऱ्याकडे मान वर करून न बघणारी ती बाई, त्या क्षणी सरळ भीक मागत होती.

आबांनी मान हलवली. नाही. नव्या नोकरीचे पहिले महिने तिकडे परीक्षेचे असतात, त्यात सुट्टी मागितली तर साहेबाच्या मनातून उतरतो, ही सूचना ते गावभर देत होते. घरच्या पोराला वेगळी कशी देणार?

मोठी आई फोनकडे वळली. हसली. "नको बेटा. काम दख तुन्हं. मी मूठ काढस ना तुन्ही. तू शेच अठे."

 जितू "बरं" म्हणाला.

थंडीत ती गेली. सकाळी अंगणात सडा टाकताना खाली बसली ती उठलीच नाही. जितूला लगेच कळवलं. तो निघालाही लगेच, पण विमानं काही एसटीसारखी हात दाखवून थांबत नाहीत. भाऊबंद म्हणाले, इतका वेळ ठेवता येणार नाही. जितू पोहोचला तेव्हा गिरणेच्या काठावर राख होती. त्याने ती ओंजळीत घेतली आणि इतका मोठ्याने रडला, की धुणं धुणाऱ्या बायका पलीकडच्या काठावर उभ्या राहिल्या.

तेरावा झाला. तो परत निघाला त्या दिवशी गाडी दारात उभी होती. जितू ओट्यावर आबांसमोर बसला.

"आबा, एक इचारू? आई मन्हावर नाराज होती का? इतला वरीसमा एकदाबी 'ये' म्हनी नही. मी सोतःहून इचारं तरी नको म्हनी. माले वाटनं, तिले सवय व्हयी गयी, मन्हाबिगर."

 मी आबांकडे पाहिलं. आता तरी बोला, असं मनात ओरडत होते.

आबा बोलले. "ती नही," म्हणाले. "मी. मी मान हालाडी. ती ते..." पुढचं त्यांना जमलं नाही.

जितूने बापाकडे पाहिलं. मला वाटलं, आता भांडेल, भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो आईसारखाच निघाला. हळूच म्हणाला, "मंग आते तुम्ही सांगा. येऊ का मी श्रावणमा?"

आबांचे ओठ हलले. चेहरा लाल झाला. सबंध तालुक्याच्या पोरांना सल्ले देणारा तो माणूस एवढ्याशा शब्दासाठी घामाघूम झाला होता. आणि शेवटी त्यांच्या तोंडून काय निघालं?

"कसारा घाटमा गर्दी ऱ्हास. लवकर निंघ."

जितू त्यांच्या पाया पडला आणि गाडीत बसला. मला इतका संताप आला होता, की मी आबांशी बोलणारच नव्हते. पण गाडी कोपऱ्यावरून वळली आणि आबा ओट्यावर कोसळल्यासारखे बसले. "नूतन, फोन लाव. फोन लाव त्याले. म्हन, ये. बठ्ठं सोड अनि ये."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा," म्हटलं, आणि फोन लावून त्यांच्या कानाला धरला.

जितूने लगेच उचलला. "हां, आबा."

आबांनी तोंड उघडलं आणि रडू फुटलं. आवाज न येणारं रडू, सगळं अंग हलत होतं, तोंडातून मात्र काही निघत नव्हतं. मी त्यांची पाठ चोळत होते, बोला, बोला म्हणत होते.

"आबा? हॅलो? आबा, ऐकू येत नही," जितू म्हणत होता. "रेंज नही वाटतं. तठे गया का करस मी." आणि त्याने फोन ठेवला.