मास्तरांची कुजबुज

आमच्या नाटक कंपनीत मास्तर चाळीस वर्षं विंगेत बसले आणि एकाही प्रेक्षकाने त्यांना पाहिलं नाही. ते प्रॉम्प्टर. नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, एवढंच काम. पण ते चुकून पहिल्या रांगेत ऐकू गेलं, तर मास्तरांना दोन दिवस अन्न गोड लागत नसे. मांडीवर संहिता, पायाशी टेपरेकॉर्डर. कोण कुठे अडतं ते घरी ऐकून पेन्सिलने खुणा करायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी त्या टेपांमधली एकतीस नाटकं इंटरनेटवरच्या एका साइटवर चढवली. लेखकांची, मालकांची लेखी परवानगी घेऊन, आणि फुकट. त्यातले निम्मे आवाज आता या जगात नाहीत. मी दुपारी ऐकत पडायची आणि पुन्हा पंचविशीची नटी व्हायची.

एका सकाळी सगळं गायब! कुण्या कंपनीने मास्तरांचंच एक नाटक उतरवून घेतलं, त्यावर स्वतःचं नाव चिकटवलं आणि वर मास्तरांवरच चोरीची तक्रार ठोकली. तक्रार साइटच्या यंत्राने वाचली, निकालही यंत्रानेच दिला. तक्रार एका नाटकाची, बंद झाली एकतीस. वर साइटचं फर्मान: ध्वनिमुद्रण तुमचंच असल्याचं पंधरा दिवसांत सिद्ध करा, नाहीतर सगळं कायमचं पुसू.

चोरीची चीड मलाही आहे. आमच्या नाटकांच्या चोरट्या कॅसेटी नाट्यगृहाच्या दारातच विकल्या जायच्या. पण चोर धरायला केलेला नियम चोरानेच वापरावा, आणि कुणी चौकशीही न करता तोंड बंद व्हावं ते मास्तरांचं?

मी तडक त्यांच्या घरी गेले. लेक संगणकापुढे कपाळाला हात लावून बसली होती.

"मावशी, पुरावा कपाटात आहे. बाबा देत नाहीत!"

"कसला पुरावा?"

"मूळ टेपांत यांची कुजबुज आहे. चढवताना यांनी ती कापली. चोरांकडे आहे ती कापलेली प्रत. मूळ टेप पाठवली की विषय संपला."

मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "प्रॉम्प्टर ऐकू आला की नाटक पडलं, बाई."

"पडदाच पडून वीस वर्षं झाली, मास्तर."

"आणि तुमचं काय? तिसऱ्या अंकात तुम्ही..." त्यांनी स्वतःच कपाट उघडून त्या चोरलेल्या नाटकाची मूळ टेप काढली.

लेकीने ती लावली. माझं ते राणीचं स्वगत, ज्याला मला पदक मिळालं होतं. आधी मास्तरांचा श्वास, मग त्यांचं वाक्य, मग माझं. अशी ओळीने अकरा वाक्यं! माझे कान तापले. मग मला हसूच फुटलं.

"अहो, पदक तुमचं आणि मिरवलं मी! पाठव गं पोरी. जगाला ऐकू दे राणी किती विसराळू होती ते."

मास्तरांनी डोळे पुसले आणि कपाटाची किल्लीच लेकीपुढे केली.

बाराव्या दिवशी त्यांचा फोन आला. अखेर एका माणसाने, हो, माणसाने, दोन्ही प्रती ऐकल्या होत्या. "बाई, एकतीसच्या एकतीस परत आली."

मला शब्दच सापडेना. पलीकडून अगदी हळू, विंगेतून यावा तसा आवाज आला,

"हुश्श म्हणा, बाई."

"हुश्श!" मी म्हणाले.