आटलेलं बंदर

आमच्या नागपुरातल्या नंदनवनच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष संपल्यावर बाबांनी तारखा फाडल्या, चित्र तेवढं आईने राहू दिलं. कोकणातलं बंदर होतं ते. तीन बाजूंनी डोंगर, मधे निळं पाणी, पाण्यात होड्या. भाकरी थापता थापता आई त्याच्याकडे बघायची. पुढे काचबिंदूने तिचा एक डोळा गेला. दुसराही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती बाबांना म्हणाली, "मले हे बंदर दाखवा. दिसते तोवर."

शेजारणी म्हणाल्या, एवढ्या लांब जायचंच तर काशीला तरी जा. पण बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमचा काशीशी संबंध उरला नव्हता. आणि आईला पुण्य नको होतं, पाणी बघायचं होतं.

बाबा सदरमधल्या एका कचेरीत कारकून. त्यांनी प्रवासाची सवलत घेतली, मे महिन्यात रजा टाकली आणि कुठली गाडी, कुठली एस.टी., कुठे किती वेळ, सगळं कागदावर उतरवून काढलं. बंदराच्या वाट्याला दोन तास आले. मी तेव्हा बी.ए.ला होतो, भूगोल घेऊन. प्रवासात माझ्याकडे खातं फक्त ट्रंक उचलण्याचं.

सकाळी साडेनऊला एस.टी.ने आम्हाला बंदरावर उतरवलं. डोंगर होते, नारळ होते, पाणी तेवढं नव्हतं. समोर काळाशार चिखल, त्यात कुशीवर पडलेल्या होड्या, आणि मधून जेमतेम नाग नदीएवढी एक धार. खरा समुद्र डोंगराच्या सोंडेआड कुठेतरी.

बाबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी निकाल दिला. "आटलं. मे महिना आहे ना. आपला फुटाळा तलाव नाही का आटत? आपण दिवाळीत याले पाहिजे होतं."

नागपूरच्या माणसाला पाण्याचं एवढंच ठाऊक असतं. पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यात आटतं. मला मात्र आणखी थोडं ठाऊक होतं. भरती-ओहोटीवर टीप लिहून मी मार्क मिळवले होते. पण समोरच्या चिखलाशी त्या टिपेचा संबंध लागेपर्यंत बाबा बोलून चुकले होते, आणि बाबांचं बोलणं खोडायची आमच्या घरात पद्धत नव्हती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी म्हणालो, "हो, आटलंच असंन."

आई पुढे झाली. धक्क्याच्या पायऱ्या उतरून ती चिखलाच्या काठाशी बसली. लांबचं तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून ती जवळचं बघत होती. बोटाच्या पेराएवढे खेकडे, त्यांचा एकच नांगा भलामोठा. पोटावर उड्या मारत सरकणारे मासे. पलीकडे लांब, वाकड्या चोचीचे पक्षी चिखलात चोच खुपसत होते. ते कसे आहेत हे तिने मला विचारून घेतलं. डोंगरावर एक तांबडी घार फिरत होती, तीही मी सांगितली. एवढं सगळं सांगितलं, पण सांगायचं ते नाही सांगितलं.

सव्वाअकराला बाबांनी घड्याळ पाहिलं. "चला. गाडी येते आता. ही गेली तर पाच वाजता दुसरी, अन् रेल्वेचं रिझर्वेशन बुडते."

आई उठली नाही. चिखलात उमटलेल्या स्वतःच्या पावलाकडे बोट दाखवून म्हणाली, "पाणी येऊन राहिलं."

पावलाच्या खळग्यात खरंच पाणी जमत होतं.

"भास होऊन राहिला तुले," बाबा म्हणाले. "एका डोळ्यानं काय दिसते?"

"विहिरीले झरा लागला का असंच येते. मी नाही येत. तुमी जा."

आईने बाबांना नाही म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाबांना राग आला. ते तरातरा वर गेले आणि धक्क्यावरच्या झाडाखाली आमच्याकडे पाठ करून बसले. गाडी आली, गेली. ते उठले नाहीत.

पाणी आवाज न करता आलं. आधी पावलाचा ठसा बुडाला, मग खेकड्यांची बिळं. पक्षी एकेक करून वर सरकले. कुशीवरच्या होड्या हलल्या, सरळ झाल्या, तरंगायला लागल्या. आई पाण्याबरोबर एकेक पायरी वर चढत राहिली. अडीच-तीनच्या सुमारास डोंगराच्या पायथ्यापर्यंत सगळं निळं झालं होतं. आई हसत होती. मला मात्र रडू येत होतं, कारण माझ्या भरवशावर ती हे न बघताच परत गेली असती.

बाबा कधी आमच्या मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही.

पाचच्या गाडीची वाट बघत आम्ही थांब्यावरच्या बाकावर बसलो, तेव्हा मला राहवलं नाही. "बाबा, ते आटलं नव्हतं. दिवसातून दोनदा जाते अन् येते. मले माहीत होतं."

"मंग बोलला काहून नाही?"

मी ट्रंक उगाच पायाशी ओढून घेतली.

"आजवर मले तरी कुठं येत होतं बोलता?" आई म्हणाली.

बाबांनी पिशवीतून टॉवेल काढला. मग बाकापुढे उकिडवे बसून ते आईचे चिखलाने भरलेले पाय पुसायला लागले.